गतिरोधक, जुन्या लहान मोटारींचे

मोटारगाडीचा वेग कमी करणाऱ्या वा ती थांबविणाऱ्या साधनास गतिरोधक किंवा ब्रेक म्हणतात. मोटारीच्या गतिज ऊर्जेचे घर्षणाने उष्णतेत रूपांतर करणे व ती उष्णता हवेत सोडणे, हे त्याचे कार्य होय. ८०० किग्रॅ. वजनाची मोटार ताशी ६० किमी. वेगाने धावत असता तिच्यात सु. १११ किलोजूल ऊर्जा असते. वेग दुप्पट झाल्यास ही ऊर्जा चौपट होते. मागील बाजूस वर उघडणारे दार असलेल्या हॅचबॅक प्रकारच्या लहान मोटारींतील गतिरोधक कालांतराने बदलत गेले, त्याचे मुख्य कारण ही उष्णता हेच होते.

ऐतिहासिक विकास : १९०२ मध्ये फ्रान्समध्ये ल्वी रनो यांनी ड्रम ब्रेक प्रचारात आणला. यात चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ ड्रमच्या आतील पृष्ठावर अस्तर लावलेले दोन ब्रेकशू दाबले जातात. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एफ. डब्ल्यू. लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे एकस्व घेतले. परंतु त्या काळी योग्य घर्षणद्रव्य उपलब्ध नसल्याने तो मागे पडला. माल्कम लॉकहीड यांनी तारा व दांड्यांऐवजी द्रवाच्या दाबाने चालणारी योजना केली आणि १९२१ मध्ये ड्यूझेनबर्ग मोटारीत ती चारही चाकांना बसविण्यात आली. यामुळे पायाचा दाब सर्व चाकांपर्यंत सारखा पोहोचू लागला.

ड्रम ब्रेकमध्ये शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःच घट्ट बसतो, त्यामुळे थोड्या दाबात काम भागते. मात्र सतत वापराने ड्रम तापून प्रसरण पावतो, अस्तराचे घर्षण घटते आणि पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. डिस्क उघडी असल्याने लवकर निवते. १९५३ च्या ल मां शर्यतीत जॅग्वारच्या विजयाने तिची उपयुक्तता सिद्ध झाली व १९५५ च्या सित्रोएन डीएस मोटारीत ती पुढील चाकांना बसविण्यात आली. १९५९ च्या मिनी मोटारीत चारही ड्रम होते; १९६१ च्या मिनी कूपरमध्ये पुढे डिस्क आल्या. डिस्कमध्ये ड्रमसारखी आपोआप घट्ट बसण्याची क्रिया नसते. म्हणून पायाचा दाब वाढविण्यासाठी एंजिनातील निर्वाताचा उपयोग करणारा बूस्टर अधिकाधिक मोटारींत आवश्यक ठरला. एक नळी फुटल्यास सर्व चाके निकामी होऊ नयेत म्हणून दुहेरी द्रवमार्गाची पद्धत रूढ झाली.

भारतीय मोटारी : मुंबईतील कुर्ला येथे बनणाऱ्या प्रीमिअर पद्मिनीला चारही ड्रम ब्रेक होते. १९८३ मध्ये विक्रीस आलेल्या व २०१४ पर्यंत बनत राहिलेल्या मारुती ८०० च्या नंतरच्या आवृत्त्यांत पुढे डिस्क व मागे ड्रम होते. पुण्याजवळ तयार झालेल्या टाटा इंडिकातही (१९९८) हीच रचना होती. अशा मोटारी शहरातून पुढे तालुक्याच्या गावी जातात व तेथे दीर्घकाळ वापरात राहतात. नासिक जिल्ह्यात मोसम नदीकाठी वसलेल्या नामपूरहून ताहाराबादमार्गे पिंपळनेरकडे जाताना सेलबारीचा घाट, तर मुंबईकडे जाताना कसारा घाट उतरावा लागतो. सपाटीवर लक्षात न येणारा दोष अशा उतारावर घातक ठरतो. त्यामुळे घाटात खालच्या गिअरमध्ये राहून एंजिनाच्या रोधाचा आधार घेतात व ब्रेक सतत दाबून धरीत नाहीत.

दोष व निदान : पेडल मऊ लागल्यास नळ्यांत हवा शिरलेली असते. दाबून धरले असता पेडल हळूहळू खाली गेल्यास गळती होत असते किंवा मुख्य सिलिंडरमधील रबरी वाट्या झिजलेल्या असतात. गाडी एका बाजूस ओढल्यास दट्ट्या अडकलेला, रबरी नळी आतून बुजलेली किंवा अस्तराला तेल लागलेले असू शकते. पेडल थरथरल्यास डिस्कची जाडी असमान झालेली असते. बूस्टर तपासण्यासाठी एंजिन बंद ठेवून पेडल काही वेळा दाबतात, मग दाबून धरून एंजिन सुरू करतात. पेडल किंचित खाली गेले नाही, तर निर्वाताच्या मार्गात दोष असतो. ब्रेकचा द्रव हवेतील ओलावा शोषतो. डॉट ३ प्रतीच्या कोरड्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५° से. असतो; ओलावा शोषल्यावर तो १४०° से. पर्यंत उतरू शकतो. घाटात द्रव उकळून वाफ झाली की पेडल तळाला जाते. म्हणून द्रव ठराविक काळाने बदलावा लागतो. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टस असू शकते. त्यांची धूळ फुंकून न काढता ओल्या फडक्याने पुसतात.

सुधारणा : पुढील ड्रमच्या जागी डिस्क बसविणे ही जुन्या मोटारीतील सर्वांत मोठी सुधारणा होय, परंतु ती एका भागापुरती मर्यादित राहू शकत नाही. कॅलिपरच्या मोठ्या दट्ट्यांना अधिक द्रव लागतो. त्यासाठी मुख्य सिलिंडरचा व्यास वाढविल्यास पेडल जड होते व बूस्टरची गरज भासते. ड्रमसाठी नळीत थोडा दाब टिकवून धरणारी झडप तशीच राहिल्यास पॅड डिस्कला घासत राहतात. ब्रेक लावताच वजन पुढे झुकत असल्याने मागील चाकांकडे जाणारा दाब मर्यादित ठेवावा लागतो. अन्यथा ती आधी जखडून गाडी फिरते. म्हणून सुटे भाग जमवून केलेल्या बदलापेक्षा त्याच मोटारीच्या पुढील आवृत्तीची संपूर्ण रचना बसविणे अधिक सुरक्षित असते. उत्पादकाने ठरविलेल्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्बंध आहेत, हेही ध्यानात घ्यावे लागते. बहुतेक जुन्या मोटारींत मूळ ब्रेक पूर्ववत सुस्थितीत आणणे, हीच पहिली आणि पुष्कळदा पुरेशी सुधारणा ठरते.