हा टोकाटा नक्की कोणाचा?

भुताच्या सिनेमात ऑर्गन कडाडला की बहुतेक वेळा तो बाखचा डी मायनरमधला 'टोकाटा अँड फ्यूग' असतो. पण बाखचाच कशावरून? त्याच्या हातची प्रत नाहीच. आहे ती योहानेस रिंकने उतरवलेली, आणि रिंक जन्मला १७१७ साली! १९८१ मध्ये पीटर विल्यम्सने शंका काढली: सुरुवातीला दोन्ही हात तेच सूर सप्तकाच्या अंतराने वाजवतात, हे बाखसारखं वाटत नाही, मूळ रचना बहुधा व्हायोलिनची.

मला ख्रिस्टोफ वोल्फचं उत्तर पटतं. आर्नश्टाटच्या ऑर्गनला हातांच्या कीबोर्डवर १६ फुटी स्टॉप नव्हता, म्हणून तरुण बाखने सप्तक जोडून खर्ज भरून काढला. चक्क वर्कअराउंड! फ्यूगमध्ये पेडल एकटंच मुख्य धून वाजवतं, ते कोडं मात्र याने सुटत नाही.