पाहुणा की शिपाई?

पोलिओचा डोस द्यायला आशाताई आल्या की आपण दार उघडतो, बाळाला पुढे करतो. सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात मात्र प्लेगची तपासणी आली की घरातला आजारी माणूस लपवला जाई. असं का झालं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढे साथ पुण्यात आली. १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला आणि पुण्याची मोहीम रँडसाहेबाकडे दिली. मार्चपासून गोरे सोजीर घरोघर शिरू लागले. माजघर नाही, देवघर नाही. सामान बाहेर काढलं, जाळलं. परके पुरुष बायाबापड्यांच्या अंगावर गाठी तपासू लागले. पंडिता रमाबाईंनीही बायकांच्या हालांबद्दल वर्तमानपत्रात पत्र लिहून आवाज उठवला.

रोग्याला वेगळं ठेवणं चुकीचं नव्हतं. पण ‘आजार सांगितला तर माणूस ओढून नेतील’ ही धास्ती बसली. लोक दुखणी दडवू लागले, आणि दडवलेला रोग घरातच पसरतो. चीड वाढत गेली. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

याच साथीत, सोजीर येण्याच्या आधी, सावित्रीबाई फुले रोग्यांना आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतच्या दवाखान्यात नेत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी पोराला त्यांनी पाठीवर आणलं, असं सांगतात. त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. प्लेगच्या दिवसांत त्या लोकांना नव्याने भेटल्या नव्हत्या. १८४८ पासून शाळा, पुढे दुष्काळातली अन्नछत्रं, यांतून त्यांची ओळख झालेली होती.

मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली, ती १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. मग दुसऱ्यांना दिली.

म्हणून आम्हाला वाटतं, साथ आल्यावर विश्वास मागून मिळत नाही. बाळंतपणात, तापात, एरवीच्या दिवसांत जी विचारपूस करते, तिचंच आपण ऐकतो. आशाताईंना शंका जरूर विचारा. त्यांना वेळेवर मानधन आणि पुरेशी औषधं मिळतात का, हेही ग्रामसभेत विचारा. पुढची साथ येण्याआधीच विचारा.