भिंतीच्या पोटातील उष्णता

आपल्या पाटण तालुक्यातील कोयना धरण 103 मीटर उंच आहे. अशी भिंत बांधताना पाण्याच्या दाबाइतकीच तिच्या पोटातील उष्णतेचीही चिंता वाहावी लागते. कळीच्या चुन्यावर पाणी ओतले की तो रटरटतो, हे आपण पाहिले आहे. सिमेंटही पाण्याने तापते, पण संथपणे. साध्या सिमेंटच्या एका ग्रॅमातून 28 दिवसांत सुमारे 80 ते 100 कॅलरी निघतात. जाड भिंतीचा बाहेरचा थर निवतो, गाभा तापलेला राहतो आणि तडे जातात.

ही रेंगाळणारी उष्णता मोजावी कशी? 1840 साली रशियात हेस यांनी नियम सांगितला: आरंभ व शेवट तेच असतील, तर वाट कोणतीही असो, एकूण उष्णता तीच. म्हणून कोरडे सिमेंट आम्लात विरघळवून उष्णता मोजतात. मग पाण्याने घट्ट झालेले सिमेंटही तसेच विरघळवतात. दोहोंतील फरक हेच उत्तर!

कोयनेच्या काँक्रीटमध्ये मोठमोठे दगड घातले आहेत. दगड स्वतः तापत नाही. तो जितका अधिक, तितके सिमेंट कमी आणि उष्णताही कमी. धरणाखालच्या गावांची निर्धास्त झोप या कॅलरींच्या हिशेबावरही अवलंबून असते.