ढगांआडची खाचरे आणि रडारचित्रांतील ठिपके

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना टोकावडे लागते. आषाढात येथे भातलावणीची लगबग असते आणि नेमके तेव्हाच आकाश ढगांनी भरलेले असते. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहचित्रात मग शेताऐवजी ढगच उमटतात. रडारच्या सूक्ष्मलहरी मात्र ढग भेदून जमिनीपर्यंत पोहोचतात. २०१२ मधील 'रिसॅट-१', २०२२ मधील 'ईओएस-०४' आणि जुलै २०२५ मध्ये झेपावलेला 'निसार' हे भारताच्या सहभागाचे असे रडारधारी उपग्रह होत.

या चित्रांना एक उपजत दोष असतो. एकाच चित्रबिंदूच्या क्षेत्रातील माती, रोपे, बांध यांवरून परतणाऱ्या लहरी कुठे एकमेकींना बळ देतात, तर कुठे एकमेकींचा नाश करतात. परिणामी एकसारखे शेतही मीठ-मिरी भुरभुरल्यासारखे ठिपकेदार दिसते. यालाच 'स्पेकल नॉईज' म्हणतात. सोनोग्राफीच्या चित्रातही हाच प्रकार आढळतो. हा गोंगाट मूळ संकेतात मिळवला जात नाही, तर त्याने गुणला जातो. म्हणून उजळ भागात तो अधिक जाणवतो.

त्यावरील सर्वांत सोपा उपाय म्हणजे सरासरी. एकाच जागेच्या चार स्वतंत्र प्रतिमांची सरासरी घेतल्यास गोंगाट निम्मा होतो. मात्र या प्रतिमा एकाच निरीक्षणातून वेगळ्या काढल्या, तर चित्राचा बारकावा कमी होतो. 'मीडियन' गाळणी नऊ शेजारी बिंदूंची मूल्ये चढत्या क्रमाने लावून मधले, म्हणजे पाचवे मूल्य स्वीकारते.

१९८० मध्ये जोंग-सेन ली यांनी अधिक विवेकी पद्धत मांडली. तिच्यात प्रत्येक बिंदूभोवतीच्या चौकटीतील चढउतार मोजले जातात. ते केवळ स्पेकलइतकेच असतील, तर सरासरी स्वीकारली जाते. त्याहून बरेच जास्त असतील, तर तेथे कडा आहे असे मानून मूळ मूल्य बव्हंशी राखले जाते. १९८२ च्या 'फ्रॉस्ट' गाळणीत दूरच्या बिंदूंचे महत्त्व क्रमाने घटत जाते आणि ही घट किती वेगाने व्हावी, हे स्थानिक चढउतारांवरून ठरते.

येथेच खरी मेख आहे. चित्रबिंदू दहा मीटरचा आणि चौकट सात बाय सात बिंदूंची असेल, तर ती सत्तर मीटर लांब-रुंद जमीन व्यापते. डोंगरउतारावरची कित्येक खाचरे तेवढ्यात सामावतात. पाण्याने भरलेले खाचर रडारचित्रात काळे दिसते, कारण सपाट पाणी लहरी दुसरीकडे परावर्तित करते. शेजारचे गवताळ माळरान उजळ दिसते. गाळणी भरड असेल, तर दोन्ही मिसळून करडा रंग उरतो आणि लहान शेतकऱ्याचे भात नकाशावरून पुसले जाते.

म्हणून गाळणी निवडताना चित्र किती देखणे झाले यापेक्षा बांध शाबूत राहिले का, हे पाहावे. आणि प्रत्यक्ष शिवारात जाऊन ते पडताळावे.