मुरुमांच्या व्रणांवरील ऊर्जाधारित उपचार

मुरूम बरे झाल्यावर त्वचेत राहणारे खड्डे कमी करण्यासाठी लेसर किरण किंवा रेडिओ वारंवारतेचा विद्युतप्रवाह वापरून त्वचेला ठरावीक खोलीपर्यंत नियंत्रित इजा केली जाते. ती भरून येताना अंतस्त्वचेत कोलॅजन या प्रथिनाचे नवे तंतू तयार होतात व खड्डा काहीसा वर येतो. अशा उपचारांना ऊर्जाधारित उपचार म्हणतात.

पूर्वीचे लेसर संपूर्ण पृष्ठभाग सोलून काढत असल्याने जखम भरण्यास फार वेळ लागे. 2004 मध्ये मॅनस्टीन, अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या फ्रॅक्शनल, म्हणजे आंशिक पद्धतीत किरण सूक्ष्म स्तंभांच्या रूपात त्वचेत उतरतो व मधली निरोगी त्वचा जखम लवकर भरून काढते. 10,600 नॅनोमीटर तरंगलांबीचा कार्बन डायऑक्साइड लेसर आणि 2,940 नॅनोमीटरचा अर्बियम-याग लेसर पेशींतील पाण्यात शोषले जातात, तर सूक्ष्मसुयांच्या रेडिओ वारंवारता उपचारात उष्णता मुख्यतः सुयांच्या टोकांशी, अंतस्त्वचेत निर्माण होते आणि वरचा थर बराचसा वाचतो.

हा फरक पुण्यासारख्या शहरात निर्णायक ठरतो, कारण येथील बहुसंख्य रुग्णांची त्वचा फिट्झपॅट्रिक वर्गीकरणातील चौथ्या-पाचव्या प्रकारची, म्हणजे मेलॅनिन अधिक असलेली असते व उष्णतेने तिच्यावर काळे डाग पडण्याचा धोका मोठा असतो. त्यामुळे ऊर्जा कमी व स्तंभ विरळ ठेवून, साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठकांत उपचार करणे श्रेयस्कर मानतात. लेसरनंतर धरलेली बारीक खपली गळेपर्यंत, दुचाकीवर तोंडाला घट्ट गुंडाळलेला स्कार्फ घासणे आणि मार्च-मे महिन्यांतले ऊन हे दोन्ही टाळावे लागते. स्कार्फ सनस्क्रीनची जागा घेऊ शकत नाही.

पसरट व उथळ खड्ड्यांना या उपचारांचा गुण चांगला येतो. अरुंद व खोल आइसपिक व्रणांत मात्र खड्ड्याच्या तळाशी तीव्र ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल लावणे किंवा तो व्रणच छेदून काढणे अधिक उपयोगी असते, आणि खालच्या तंतूंनी ओढून धरलेले व्रण आधी सुईने सोडवावे लागतात. मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन हे औषध घेतल्यावर अशा उपचारांसाठी सहा महिने थांबण्याचा जुना नियम भारतीय त्वचाशल्यतज्ज्ञांच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत शिथिल झाला आहे. मात्र मुरूम सक्रिय असताना किंवा केलॉइडची, म्हणजे व्रण वाढत जाण्याची प्रवृत्ती असताना उपचार सहसा लांबणीवर टाकतात वा टाळतात.