मामांची गोळी आणि सर्पगंधा

परवा नारायणगावला मामांकडे गेलो होतो. टोमॅटोचा तोडा चालू, पण मामा महिनाभर शेतात फिरकलेच नव्हते. मामी हळूच म्हणाल्या, "डॉक्टरांनी उदासीवर गोळ्या दिल्यात, पण पाच दिवसांत बंद करून बसलेत." मामांचं म्हणणं सरळ: "गुण काही नाही, मळमळ मात्र पहिल्या दिवसापासून!"

गंमत म्हणजे, या औषधांचा इतिहासच दुष्परिणामांमधून सुरू होतो. सर्पगंधा रक्तदाब उतरवते, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि ते जगभर वापरात आलं. मग नोंदी यायला लागल्या: रक्तदाब उतरला, पण काही रुग्ण उदास झाले! रेसर्पिनमुळे मेंदूतलं सेरोटोनिन घटतं, हेही कळलं.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये उलटं घडलं. क्षयावरचं इप्रोनियाझिड घेऊन रुग्ण चक्क उत्साही झाले. हे औषध सेरोटोनिनचं विघटन रोखतं. या दोन दुष्परिणामांची सांगड घालून उदासीचा रासायनिक सिद्धांत उभा राहिला. (गणित इतकं सोपं नाही, हे आज मान्य आहे.) १९५७ पासून इप्रोनियाझिड उदासीवर देऊ लागले, पण यकृताला इजा होऊन कावीळ व्हायची, म्हणून १९६१ मध्ये ते अमेरिकेत बंद झालं. इमिप्रामिन आलं, त्याने तोंड कोरडं, बद्धकोष्ठता. जास्त घेतलं तर हृदयाला धोका. १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं फ्लुओक्सेटिन त्या मानाने सुरक्षित. पण मळमळ, उडालेली झोप, कमी झालेली कामेच्छा हे आलंच.

मग गुणकारी कुठलं? २००३ च्या गोव्यातल्या चाचणीत दोन महिन्यांनी फ्लुओक्सेटिन खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'ने २१ औषधांच्या ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या. मोठ्यांच्या तीव्र नैराश्यात सगळी खोट्या गोळीपेक्षा सरस, आपसातला फरक मात्र थोडाच. म्हणजे निवड बरीचशी 'कुठला त्रास कोणाला झेपेल' यावरच येते.

आणि मामांना कोणी न सांगितलेली गोष्ट: त्रास पहिल्या दिवशी येतो, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ बहुधा तोवर ओसरते. नाहीच ओसरली, तर डॉक्टर औषध बदलून देतात. आपण मधेच सोडतो आणि म्हणतो, औषध कुचकामी.

असो. मामांनी सोमवारी डॉक्टरांना फोन केला. गोळी आता जेवणानंतर घ्यायची ठरलीय. आम्ही तिसऱ्या आठवड्याची वाट बघतोय.