राजवाड्यांचे दप्तर आणि धुळे

इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास निवर्तले. मागे इस्टेट नव्हती. होती ती दप्तरे. माळ्यांवर वाळवीच्या तोंडी पडलेले कागद गावोगाव पायपीट करून त्यांनी सोडविले व १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड सिद्ध केले. संग्राहक गेला, आता संग्रह कोणी राखावा? राजवाडे जन्माने धुळ्याचे नव्हेत. तथापि केवळ हळहळून न राहता धुळेकरांनी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ स्थापिले. त्याच्या वास्तूत कागदपत्रांबरोबर पुढे नाणी व शिल्पेही विसावली. संशोधक मिळविता येत नाही; परंतु त्याने मिळविलेले राखणे कोणत्याही गावास साधेल, हे धुळ्याने दाखविले.